डालेममधला आठवडा

२०२४-२५चं हिवाळी सेमिस्टर मी बर्लिनच्या फ्राय युनिव्हर्सिटेटमध्ये काढलं. विषय मानवशास्त्र, पुण्यात एम.ए.चं एक वर्ष झालेलं. घरी सगळ्यांना 'बर्लिनला आहे' एवढं सांगून भागायचं, पण खरं तर मी डालेमला आणि श्लाख्टनझेला होते. शहराचा हा नैर्ऋत्य कोपरा. उंच पाइन, जुने बंगले, सायकलवरून जाणारे प्राध्यापक, आणि रात्री नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे राहून बर्लिन पाहिलं म्हणणं म्हणजे कोथरूडला राहून पेठा पाहिल्या म्हणण्यासारखं. तिकडे मुद्दाम जावं लागतं. सेमिस्टरभरातल्या नोंदी तुटक आहेत, नोव्हेंबरचा हा एक आठवडा मात्र सलग लिहिला गेला. त्या दिवसांत घडतही बरंच होतं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

काल भाऊबीज झाली. दादाला स्क्रीनवर ओवाळलं, त्याने ओवाळणी जीपेवर टाकली. ते पैसे पुण्याच्या खात्यात पडून राहणार. इथलं पोट चालतं ते ब्लॉक्ड अकाउंटवर. व्हिसासाठी विद्यार्थ्याने महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने रक्कम आधीच अडकवून ठेवायची आणि दर महिन्याला त्यातलं तेवढंच हातात यायचं. युरो साधारण नव्वद रुपयांचा. पहिले काही आठवडे प्रत्येक वस्तूला मनातल्या मनात नव्वदने गुणायची सवय असते. नंतर माणूस गुणणं सोडतो, नाहीतर कॉफीसुद्धा घशाखाली उतरणार नाही.

२७ ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागे सरकली, तेव्हापासून पुणं साडेतीनऐवजी साडेचार तास पुढे गेलंय. मी संध्याकाळी सातला मोकळी होते तेव्हा तिकडे साडेअकरा. आई पेंगत पेंगत विचारते, 'जेवलीस का गं?' म्हणून आता फोन सकाळचे. इकडे सात वाजता खिडकीबाहेर जेमतेम उजाडतंय आणि तिकडे आई कुकर लावतेय.

घड्याळापेक्षा उजेडाचा फटका मोठा. साडेचारला सूर्य मावळतो. दुपारच्या सेमिनारला उजेडात आत जायचं आणि बाहेर यायचं ते रात्रीत. इथल्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. व्हिटॅमिन डीच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या तोंडात टाकतात.

सकाळी जर्मनचा वर्ग. वेळापत्रकात दहा ते बारा लिहिलेलं असतं, म्हणजे सव्वादहा ते पावणेबारा. पहिली पंधरा मिनिटं विद्यार्थ्याची, ही जुनी रीत. सव्वादहाच्या ठोक्याला मात्र दार बंद होतं, आणि उशिरा आलेल्याकडे बाई नुसत्या बघतात. तेवढं पुरतं. तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात. शाळेत असा बाक वाजवला असता तर वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलं असतं.

वर्ग भरतो ती इमारत अवाढव्य आहे. एका भागाला 'गंजकी' म्हणतात आणि दुसऱ्याला 'रुपेरी'. गंजक्या भागाला मुद्दाम असं पोलाद लावलं होतं, की वरचा गंजच आतल्या धातूचं रक्षण करेल. गंज ऐकेना, खातच सुटला. शेवटी दुरुस्तीत ते पत्रे काढून ब्राँझचे लावले. नाव गंजकीच राहिलं. आतल्या लांबलचक बोळांना 'रस्ते' म्हणतात, खोल्यांचे नंबर गट नंबरांसारखे. मधोमध नॉर्मन फॉस्टरने बांधलेलं भाषा-साहित्याचं ग्रंथालय आहे, २००५ साली उघडलेलं. बाहेरून अंड्यासारखं, आतून दोन गोलार्धांचं, म्हणून त्याला 'बर्लिनचा मेंदू' म्हणतात. कोट आणि पिशवी लॉकरमध्ये ठेवून, पारदर्शक पिशवीत लॅपटॉप नि पाण्याची बाटली घेऊन आत जायचं. आत पेन पडलं तरी दहा माना वळतात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मंगळवारी दुपारी तास नाही, म्हणून मायबाखउफरचा बाजार. कालव्याच्या काठाने भरणारा हा तुर्की बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. आमच्या क्रुमे लांके स्टेशनवरून सुटणारी यू-३ थेट कोटबुसर टोरला नेते. पुढे थोडं चालायचं. गाडीतली माणसं स्टेशनागणिक बदलत जातात. डालेमला मांडीवर वर्तमानपत्र आणि पायाशी शहाणं कुत्रं, कोटबुसर टोरला बाबागाडी, भाजीची पिशवी, तीन भाषांत चाललेले फोन.

१९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. आलेल्या माणसांना कोटबुसर टोरच्या आसपासच्या क्रॉइत्सबेर्गमध्ये घरं मिळाली, कारण हा भाग बर्लिनच्या भिंतीला लागून होता आणि जर्मनांना तिथे राहायची हौस नव्हती. आता तिथल्या घरभाड्याचा आकडा ऐकून जर्मन मुलंच कपाळाला हात लावतात.

बाजार खरा रंगतो तो शेवटच्या तासात. माल परत न्यायचा नसतो, मग आरोळ्या सुरू होतात: अख्खी पेटी एक युरो! मी भेंडी, हिरव्या मिरच्या, पालक आणि दोन जुड्या कोथिंबीर घेतली. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर कुंडीतल्या रोपासकट विकतात, चार काड्या असतात आणि दोन दिवसांत मान टाकतात. इथली जुडी आपल्या मंडईतल्यासारखी, मुळांना माती लागलेली. भाजीवाल्या काकांना मी जर्मनमध्ये विचारलं, त्यांनी हिंदीत उत्तर दिलं, 'अच्छा है, बहुत अच्छा!' तेवढंच येतं म्हणे.

रात्री स्वयंपाकघरात सगळे अमेरिकेचे निकाल लावून बसणार होते. मी झोपले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओहायोचा मुलगा कालच्याच कपड्यांत, समोर गार कॉफी. ट्रम्प निवडून आले होते. कोणी फारसं बोललं नाही. आमच्या वसतिगृहात, म्हणजे श्टुडेंटनडोर्फमध्ये, अमेरिकेचा विषय तसाही हवेत असतोच. हे 'विद्यार्थ्यांचं गाव' १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन पैशाने उभं राहिलं. हिटलरच्या जमान्यानंतरच्या तरुणांना एकत्र राहायला, भांडायला, मतदान करायला शिकवायचं, ही त्यामागची कल्पना. म्हणून खोल्या एवढ्याएवढ्या आणि स्वयंपाकघरं ऐसपैस. खोलीत कोंडून घेऊन बसता येऊ नये, अशीच रचना. आता ही सगळी वसाहत संरक्षित वारसा आहे. खिडकीच्या चौकटीला खिळा मारायचा तरी परवानगी लागते.

विद्यापीठाचा जन्मही युद्धानंतरच्या अमेरिका-सोव्हिएत ओढाताणीतला. जुनं विद्यापीठ उंटर डेन लिंडनवर, म्हणजे सोव्हिएत भागात राहिलं. तिथे वेगळं मत मांडणाऱ्या विद्यार्थ्यांना त्रास होऊ लागला, काहींना काढून टाकलं, तेव्हा १९४८च्या डिसेंबरमध्ये पश्चिम भागात हे नवं विद्यापीठ निघालं. नावातला 'फ्राय' म्हणजे मुक्त, तो त्या अर्थाने. फी फुकट असा त्याचा अर्थ नाही, जरी पुण्यातल्या एका काकांनी तो तसाच घेतला आणि सगळ्या नातेवाइकांना सांगितला. गंमत म्हणजे फीसुद्धा जवळजवळ नाहीच. सेमिस्टरची वर्गणी भरायची, तीत देशभर चालणारं प्रवासाचं तिकीटही येतं. या सेमिस्टरला त्याचे १७६ युरो ४० सेंट पडले. म्हणजे महिन्याला तीस युरोंच्या आत लोकल, बस, मेट्रो आणि जवळच्या पल्ल्याच्या गाड्या. सुपरफास्ट तेवढ्या सोडून.

दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जेवण. आमच्या भागातला शाकाहारी मेन्सा २०१० साली सुरू झाला तेव्हा जर्मनीत तसा पहिलाच होता. मी शाकाहारी, त्यामुळे घरून निघताना आजीने माझ्या पोटाची जी काळजी केली होती ती वाया गेली. प्रत्येक पदार्थावर हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा छापलेला असतो, किती पौष्टिक त्याचा. मीठ मात्र ज्याचं त्याने घालायचं आणि तिखट हा प्रकारच नाही. दप्तरात शेंगदाण्याच्या चटणीची डबी असते माझ्या. त्या मसुराच्या गिचक्यावर दोन चमचे टाकले की बरं लागतं. ओहायोवाल्यानेही आज मागून घेतली, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. चटणीनेच, असं म्हणाला.

रात्री नऊच्या सुमाराला पुन्हा सगळे स्वयंपाकघरात. चान्सेलर शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकलं होतं, म्हणजे सरकार पडल्यातच जमा. तीन पक्षांच्या रंगांवरून या सरकारला सिग्नलचा दिवा म्हणत. एका दिवसात दोन देशांचं राजकारण उलटंपालटं झालं आणि आमच्या फळ्यावर मात्र 'या आठवड्यात ओव्हन कोणी पुसायचा?' हा वाद तसाच. सफाईचा तक्ता इथे राज्यघटनेपेक्षा मोठा. माझ्या नावासमोर होता कचरा. कागद निळ्या डब्यात, भाजीची सालं तपकिरी डब्यात, पांढरी काच वेगळी, रंगीत काच वेगळी. मी तो नेऊन टाकला. चान्सेलर टीव्हीवर बोलतच होते.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आमचा विभाग लांडोल्टवेगवर आहे. तिथून थोडं चाललं की इनेश्ट्रासं नावाची गल्ली लागते. दोन्ही बाजूंना झाडं, पानांचा खच. २२ नंबरची इमारत. आता तिथे राज्यशास्त्राची मुलं शिकतात. दारात सायकली, पायऱ्यांवर सिगरेटी. मी या इमारतीकडे इतके दिवस गेले नव्हते ते मुद्दाम. जायचं तर सावकाश, असं ठरवलं होतं.

१९२७ साली इथे कायझर विल्हेल्म संस्थेचं मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि युजेनिक्स (म्हणजे तथाकथित वंशसुधारणा) यांचं केंद्र सुरू झालं. संचालक ऑयगेन फिशर. याच फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करायला पुण्याहून एक विवाहित तरुणी आली: इरावती कर्वे. सासरे महर्षी कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या त्या माणसालासुद्धा सुनेचं परदेशी जाणं पटलं नव्हतं. नवरा दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला, तो पाठीशी उभा राहिला.

फिशर यांचं नाव झालं होतं ते जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून. इरावतीबाईंना दिलेला विषय म्हणजे माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरक. अपेक्षा अशी, की गोऱ्यांच्या कवट्यांत हा फरक वेगळा दिसेल आणि त्यातून त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठपणाला मोजमापाचा आधार मिळेल. त्यांनी इथल्या संग्रहातल्या कवट्या घेतल्या, त्यांत जर्मन पूर्व आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. मोजल्या, आणि लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. १९३०मध्ये पीएचडी झाली, प्रबंध १९३१ साली छापला गेला.

आपल्याकडे गाइडच्या पुस्तकातला स्वल्पविराम हलवायचा तरी विद्यार्थी चार मित्रांना विचारतो. इथे पंचविशीच्या आसपासची एक परदेशी बाई, परक्या भाषेत, संस्थेच्या संचालकाच्याच गृहीतकाला 'आकडे तसं सांगत नाहीत' म्हणाली. पुण्यात इरावतीबाईंची जी आठवण सांगतात ती स्कूटर चालवणारी पहिली बाई, ही. छानच आहे ती. पण कवट्यांची गोष्ट आम्हाला एम.ए.च्या वर्गात कोणी सांगितली नाही, याचा मला आज दाराशी उभी असताना राग आला.

दाराजवळ १९८८ साली बसवलेला फलक आहे. त्यात पुढचं सगळं येतं: इथल्या शास्त्रज्ञांनी नाझींच्या वंशधोरणाला विद्वत्तेचं बळ दिलं. फिशर यांच्यानंतर १९४२मध्ये फेर्शुअर संचालक झाले. त्यांचा जुना सहायक योसेफ मेंगेले आउशवित्सच्या छळछावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव अभ्यासासाठी इथे पाठवत होता. शास्त्रज्ञ आपल्या कामाच्या आशयाला आणि परिणामांना स्वतः जबाबदार असतात, अशा अर्थाच्या वाक्याने फलक संपतो. आत आता कायमचं प्रदर्शनही आहे. वर्गात जाणारी पोरं त्या मजकुराशेजारून कॉफीचे कप घेऊन जात-येत असतात. मला ते आधी खटकलं. मग वाटलं, इमारत कुलूप लावून पवित्र करून ठेवण्यापेक्षा हे बरं.

फलकापेक्षाही मला जड गेलं ते शेजारच्या आवाराचं. २०१४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयाजवळ खोदकामात माणसांची हाडं निघाली. पुढे शोध घेतल्यावर हजारो तुकडे सापडले. ती या संस्थेच्या संग्रहातली असणार, असा निष्कर्ष निघाला. वसाहतींतल्या लोकांची किती, छळछावण्यांतल्यांची किती, हे वेगळं काढायचं तर पुन्हा हाडांची वंशावर वाटणी करावी लागली असती. म्हणून ते न करता २०२३च्या मार्चमध्ये सगळ्यांना एकत्र डालेमच्या स्मशानभूमीत पुरलं. रोज लॅपटॉप घेऊन मी त्याच आवारातून जाते.

संध्याकाळी खोलीवर येऊन प्रॅक्टिकलची वही उघडली. पुण्यात आम्हाला स्प्रेडिंग कॅलिपर धरायला शिकवतात. दोन वाकडे पाय, टोकाला गोल मणी. एक मणी दोन भुवयांच्या मध्ये, ग्लॅबेलावर, अंगठ्याने दाबून स्थिर धरायचा. दुसरा डोक्याच्या मागे वर-खाली फिरवत जिथे आकडा सगळ्यात मोठा येईल तिथे थांबायचं. डोक्याची लांबी मिळते. आम्ही मैत्रिणी एकमेकींची डोकी मोजायचो आणि हसायचो. मणी गार लागतो कपाळाला. इरावतीबाई परत गेल्यावरही हेच उपकरण घेऊन महाराष्ट्रभर हिंडल्या, जातीजातींतल्या माणसांची मापं घेत. बर्लिनमध्ये ज्या पद्धतीतून चुकीचा निष्कर्ष निघू दिला नाही, तीच पद्धत त्यांनी घरी चालू ठेवली. हे सोयीस्करपणे गाळून त्यांना नुसतं वंशवादाविरुद्धची वीरांगना करणं मला पटत नाही. दोन्ही एकाच बाईने केलं. सेमिनारचा निबंध यावरच लिहावा असं डोक्यात यायला लागलंय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

धुणं. बाटल्या. टपाल.

बाटल्यांचं असं की प्रत्येकीवर अनामत असते. बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५. दुकानातल्या यंत्राच्या तोंडात एकेक सारायची, ते चिठ्ठी देतं, ती गल्ल्यावर द्यायची. पार्ट्यांनंतर आमच्या मजल्याचा दूध-पावाचा खर्च यातच निघतो. शहरात लोक रिकाम्या बाटल्या कचऱ्यात न टाकता डब्याशेजारी उभ्या करून जातात, गोळा करणाऱ्याला हात घालावा लागू नये म्हणून. त्या गोळा करणाऱ्यांत पेन्शनीतली म्हातारी माणसंही असतात, नीटनेटक्या कोटातली. श्रीमंत देशाबद्दलच्या माझ्या कल्पनांत हे चित्र नव्हतं.

टपालात रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र. माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही. तरी घर आहे म्हणजे महिन्याला १८ युरो ३६ सेंट. पत्ता नोंदवला की हे पत्र येणारच, असं सगळे सांगतात, जसं काही ते पहिल्या थंडीचं शिंकणं आहे.

संध्याकाळी उशिराची दिवाळी. श्रीखंड करायचं ठरलं. चक्क्याऐवजी इथे क्वार्क मिळतं. बिनफॅटचं घेऊ नये, ते पिठूळ लागतं. ४० टक्के फॅटवालं घ्यावं. तेही पातळच असतं, म्हणून कालच ओढणीच्या धुतलेल्या कापडात बांधून फ्रीजमधल्या जाळीवर टांगलं होतं, खाली वाडगं. सकाळी वाडग्यात चांगलं कपभर पाणी जमलं. मग साखर, वेलची, आईने कागदाच्या पुडीत दिलेलं केशर. चाळणीतून घोटून काढलं. पुऱ्या लाटल्या त्या १०५० नंबरच्या पिठाच्या. इथल्या पिठाला नंबर असतात आणि ४०५ म्हणजे निव्वळ मैदा. इझमीरच्या मुलीने एक चमचा चाखून वाटीच पुढ्यात ओढली. बाव्हेरियाच्या मुलाने मात्र ते राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर लोण्यासारखं फासलं, वर मीठ भुरभुरलं, आणि 'उत्तम' म्हणाला. मी मान फिरवली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

या तारखेला जर्मन माणसाच्या मागे किती काय लागलंय! १९१८ साली याच दिवशी सम्राटाचं राज्य जाऊन प्रजासत्ताक जाहीर झालं. १९३८ साली या रात्री देशभर ज्यूंची सभास्थानं जाळली, दुकानं फोडली. १९८९ साली भिंत उघडली. आज त्याला ३५ वर्षं. सोहळा करायचा की सुतक पाळायचं, हा पेच दरवर्षीचा.

सकाळी मेक्सिकोप्लात्सजवळ पाव आणायला गेले तर फुटपाथवर एक वृद्ध बाई गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्या होत्या, हातात फडकं. नाझींनी नेलेल्या माणसांच्या आठवणीचे, फरसबंदीत बसवलेले पितळी ठोकळे घासत होत्या. साधारण हाताच्या पंजाएवढी पितळी चौकट, त्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं: इथे राहत होती, अमुक, जन्म अमुक साल, नेली अमुक तारखेला, मारली रीगामध्ये. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने हे दगड बसवायला सुरुवात केली ती नव्वदच्या दशकात, आणि २०२३मध्ये युरोपभरच्या दगडांची संख्या एक लाखावर गेली. माणूस स्वतःच्या मर्जीने शेवटचा ज्या घरात राहिला त्या घरासमोरच दगड बसवतात. पावसाने पितळ काळं पडतं. म्हणून ९ नोव्हेंबरच्या सुमारास ठिकठिकाणी लोक फडकी घेऊन बाहेर पडतात. कोणी सांगावं लागत नाही.

मी उभी राहिले तसं बाईंनी दुसरं फडकं पुढे केलं. त्यांच्याकडे ट्यूबमधली पॉलिश होती. माझ्या मनात आलं, पितांबरी हवी होती. देव घासतो तसंच घासावं लागतं, अक्षरांच्या खाचांतलं काळं निघेपर्यंत, गोल गोल. एका घरासमोर तीन दगड होते, आई, बाप आणि १९३५ साली जन्मलेली मुलगी. मुलीच्या दगडावरचं साल वर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, 'माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.' पुढे काही बोलल्या नाहीत. शेवटी एक पांढरं गुलाब ठेवलं, काचेतली मेणबत्ती लावली आणि गुडघे धरून उठल्या. मी हात दिला.

संध्याकाळी एस-१ पकडली. ही एकच लोकल आमच्या जंगली कोपऱ्यातून निघून शहराच्या पोटातून पार उत्तरेला जाते. भिंतीच्या काळात ती पश्चिमेकडची गाडी होती, पण मधली काही स्टेशनं पूर्वेच्या जमिनीखाली. तिथे गाडी थांबायची नाही. अंधुक उजेडात फलाटावर बंदूकधारी पहारेकरी उभे, आणि डब्यातले लोक काचेतून बघत पुढे जात. नॉर्डबानहोफ हे त्यांतलं एक भुताळी स्टेशन. आज तिथे उतरून पाहिलं, त्या काळाचं प्रदर्शन लावलं आहे. शहराच्या मध्यभागी भिंतीच्या जुन्या रेषेवर चारेक किलोमीटर लोकांनी रंगवलेली पोस्टरं उभारली होती, स्वातंत्र्य या विषयावर. गर्दी इतकी की आपण कुठल्या बाजूला आहोत, जुन्या पूर्वेला की पश्चिमेला, हे पायांना कळत नव्हतं.

मी पुढे बॉर्नहोल्मर श्ट्रासंपर्यंत गेले. भिंत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडली ती इथे, पुलावरच्या नाक्यावर. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वेच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की पत्रकार परिषदेत प्रवासाच्या नव्या नियमांची चिठ्ठी वाचत होते. हे लागू कधीपासून, असं कोणीतरी विचारलं. कागद चाळत ते म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. तसं ठरलेलं नव्हतं. टीव्हीवर ते ऐकून माणसं नाक्यावर लोटली. नाक्यावरचे अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोन करकरून थकले, कोणी स्पष्ट हुकूम देईना. रात्री साडेअकराच्या सुमाराला त्यांनी स्वतःच फाटक उघडायला सांगितलं. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुठल्याही भारतीय माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटेल: खालच्या टेबलावरचा एक माणूस 'वरून लेखी आलेलं नाही' असं न म्हणता निर्णय घेतो.

आता तिथे भिंतीचा एक तुकडा, काही जुने फोटो, आणि जपानमधून आलेल्या देणगीतून लावलेली चेरीची झाडं. खाली लोकल खडखडत जाते. थंडी मी म्हणत होती. वाटेत ग्रिल केलेल्या चीजचा डोनर, म्हणजे पावात भरलेला तुर्की प्रकार, घेतला, सात युरो. डोनर महागला हा इथल्या तरुणांचा राष्ट्रीय प्रश्न आहे. त्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घालावी, अशी मागणी चान्सेलरपर्यंत गेली होती.

रविवार, १० नोव्हेंबर

रविवारी दुकानं बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली सोडली तर सगळी. कोपऱ्यावरचं श्पेटी, म्हणजे पान-बिडीच्या टपरीचा इथला थोरला भाऊ, उघडं असतं, पण आमच्या भागात तेही नाही. काचेच्या बाटल्या आज डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. ड्रिलमशीन तर नावसुद्धा काढू नका. सुरुवातीला हा रविवार अंगावर येतो. मला आता आवडायला लागलाय. पुण्यात रविवार म्हणजे डीमार्टची रांग.

दुपारी आमचा सगळा झेलेनडोर्फ भाग तळ्याभोवती फिरायला लोटतो, तशी मीही गेले. श्लाख्टनझेला पूर्ण फेरी साडेपाच किलोमीटरच्या आसपास पडते. आजी-आजोबा हात धरून, पोरं चिखलात, आणि एक गृहस्थ चक्क पोहत होते. पाण्यातून बाहेर येऊन त्यांनी अंग पुसलं, थर्मासमधून चहा ओतून घेतला आणि माझ्या टोपी-मफलर-हातमोज्यांकडे बघून हसले.

संध्याकाळी निबंधाचं पक्कं केलं. मार्चअखेरपर्यंत द्यायचा आहे, पंधरा-वीस पानं. आधी मी वस्तुसंग्रहालयांतल्या मुखवट्यांवर लिहिणार होते; आता इरावती कर्वे यांचा प्रबंध आणि त्यांची नंतरची महाराष्ट्रातली मोजमापं, एकमेकांशेजारी ठेवून. प्रबंध जर्मनमध्ये आहे, तोही १९३१च्या शास्त्रीय जर्मनमध्ये. बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवनात शिकलेलं व्याकरण इथे कितपत पुरतं ते बघू. ग्रंथालयाकडे प्रत मागवून ठेवली आणि प्राध्यापिकाबाईंना ईमेल टाकली. रविवारी इथे कोणी ईमेलला उत्तर देत नाही.

उत्तर सोमवारी सकाळी आठला आलं, दोन ओळींचं. बुधवारी दोन ते तीनमध्ये या. येताना पहिलं प्रकरण वाचून या, आणि मापांच्या तक्त्यांपासून सुरुवात करा, गद्य नंतर.